रेंज गेल्यावर गणित कुणी करायचं? लुइव्हिलच्या खाणीतल्या रोबोंची केस

जमिनीखाली वस्तू शोधणाऱ्या रोबोंची एक स्पर्धा, आणि शेवटचा स्कोअर २३-२३ होता. दोन टीम, दोघांचे रोबो वेगळे, सॉफ्टवेअर वेगळं, आणि कुठलं गणित कुठल्या मशीनवर चालवायचं याबद्दलचं मत तर जवळजवळ उलट, आणि तरी तासाभरानंतर दोघांच्या खात्यात तेवीस-तेवीस पॉइंट. मी ही केस त्यामुळेच घेतली. एक जिंकला आणि दुसरा आपटला असता तर आपण सगळे लगेच म्हणालो असतो की बघा ही पद्धत बरोबर आणि ती चूक, आणि विषय मिटला असता.

आधी जागा सांगतो. अमेरिकेत केंटकी राज्यात लुइव्हिल शहराखाली एक जुनी चुनखडीची खाण आहे, मेगा कॅव्हर्न म्हणतात तिला, काही भागाच्या वर तर चक्क प्राणिसंग्रहालय आहे. सप्टेंबर २०२१ मधे तिथे डार्पाच्या सबटेरेनियन चॅलेंजची फायनल झाली. डार्पा म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याची संशोधनावर पैसे लावणारी संस्था, १९७० च्या दशकात फिरत्या गाड्यांमधे पॅकेट रेडिओ बसवून बघणारे हेच लोक, म्हणजे आज आपण ज्याला ॲड हॉक नेटवर्क म्हणतो, टॉवर नाही, मशीनच एकमेकांचे निरोप पुढे पोहोचवतात, त्याचं माहेर तिथलंच. फायनलच्या आधी ऑगस्ट २०१९ मधे पिट्सबर्गजवळच्या एका खाणीत एक राउंड झाला होता, फेब्रुवारी २०२० मधे वॉशिंग्टन राज्यातल्या सॅटसॉपच्या अर्धवट सोडलेल्या अणुवीज प्रकल्पात दुसरा, आणि मग गुहेतला राउंड कोविडमुळे प्रत्यक्षात झालाच नाही, फक्त व्हर्च्युअल झाला. फायनलला बोगदा, शहरी भुयार आणि नैसर्गिक गुहा असे तिन्ही प्रकार एकाच कोर्समधे कोंबले होते.

नियम साधे होते पण खडूस. बक्षिसाच्या रनला एक तास. आत ४० वस्तू लपवलेल्या, माणसाचा पुतळा, मोबाइल, बॅकपॅक, ड्रिल, फायर एक्स्टिंग्विशर, दोर, हेल्मेट, एखाद्या खोलीत गॅस, असं सगळं. वस्तू ओळखायची आणि ती कुठे आहे ते ५ मीटरच्या आत सांगायचं, तर एक पॉइंट. सहा मीटरची चूक झाली तर शून्य. चुकून-माकून शंभर रिपोर्ट टाकू असंही नाही, कारण रिपोर्टच्या संख्येलाही मर्यादा. जीपीएस नाही, उजेड नाही, मधे मधे धूर सोडलेला. आणि बाहेर फक्त एकच माणूस, ज्याला रोबोंकडून येणारा डेटा बघायची आणि त्यांना आज्ञा द्यायची परवानगी. बाकीची सगळी टीम हाताची घडी घालून उभी.

आता यात आपला विषय, म्हणजे फिरत्या मशीनच्या नेटवर्कमधे कुठलं काम कुणी करायचं याची वाटणी, कुठे आला ते बघू. आत चार-सहा रोबो फिरतायत, प्रत्येकाच्या पाठीवर कॉम्प्युटर आहे, बाहेर बेस स्टेशनला त्याहून दणदणीत कॉम्प्युटर आहे, आणि या सगळ्यांना जोडणारं नेटवर्क रोबो स्वतःच चालता चालता बनवतायत, वाटेत रेडिओचे डबे टाकत टाकत. बेस स्टेशनचा कॉम्प्युटर सगळ्यात ताकदवान म्हणून सगळं त्याच्यावर टाकू, असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. ते का जमत नाही याचा हिशोब करून बघितला की अर्धी केस तिथेच उलगडते.

कामं कोणती आहेत ते एकदा मोजून घेऊ. मी कुठे आहे आणि आत्ताच किती सरकलो हे सेकंदाला अनेकदा काढणं. पुढे खड्डा आहे का, पाय ठेवता येईल का हे बघणं. रस्ता आखणं. कॅमेऱ्यातल्या चित्रांमधे वस्तू शोधणं. सगळ्या रोबोंचे तुकडे जोडून एक मोठा नकाशा बनवणं आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणं. कुठल्या रोबोने कुठल्या फाट्यावर जायचं ते ठरवणं. आणि शेवटी, सापडलेलं खरंच ड्रिल आहे की नुसताच लोखंडी पाइप, याचा निकाल लावून रिपोर्ट पाठवणं.

पहिली दोन कामं हलवताच येत नाहीत. तिथे निकाल काही मिलिसेकंदांत लागतो, बाहेर विचारून येईपर्यंत रोबो खड्ड्यात. त्याबद्दल कुणात मतभेद नाहीत, पुढे जाऊ.

चित्रांमधे वस्तू शोधण्याचं काम जरा इंटरेस्टिंग आहे. इथे खरंच मोह होतो, कारण चित्र ओळखणारा प्रोग्राम, न्यूरल नेटवर्क, चालवायला जीपीयू नावाची खास चिप लागते, रोबोच्या पाठीवरचा जीपीयू छोटा आणि बेसचा मोठा. समजा एक फोटो रोबोवर तपासायला ०.१ सेकंद लागतो आणि बेसवर ०.०१ सेकंद, म्हणजे दहापट फायदा. आता फोटो दाबून ३०० केबीचा केला, म्हणजे २४ लाख बिट, आणि लिंक ५ मेगाबिटची मिळाली असं धरलं, तर नुसता फोटो पोहोचायलाच जवळपास अर्धा सेकंद गेला. दहापट वेगवान मशीन आणि तरी पाचपट उशीर. त्यात हा एकाच कॅमेऱ्याचा एकच फोटो, एकेका रोबोवर चार-चार कॅमेरे, असे अनेक रोबो, सगळे त्याच हवेतून बोलणारे. लायडरचं, म्हणजे लेझरने आजूबाजूची अंतरं मोजणाऱ्या सेन्सरचं, तर विचारूच नका. या स्पर्धेत बरेच जण वापरत होते त्या व्हेलोडाइनच्या १६ लेझरवाल्या लायडरमधून सेकंदाला साधारण तीन लाख बिंदू येतात, एका बिंदूला तीन आकडे म्हणजे १२ बाइट धरा, झाले सेकंदाला ३६ लाख बाइट, जवळजवळ २९ मेगाबिट. एका रोबोचे.

आणि ते ५ मेगाबिट तरी कुठून आणायचे. डबे टाकत गेलात की साखळी लांबते, एका डब्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. सगळे एकाच चॅनेलवर असतील तर शेजारचा बोलत असताना याला गप्प बसावं लागतं. एमआयटीच्या जिनयांग ली आणि इतरांनी २००१ मधे हे मोजून दाखवलं होतं, लांब साखळीत आदर्श परिस्थितीतही एका हॉपच्या, म्हणजे डब्याकडून डब्याकडे एकाच उडीच्या, क्षमतेच्या एक चतुर्थांशच मिळते, आणि त्या वेळच्या वायफायच्या पद्धतीने चालवलं तर साधारण एक सप्तमांश. त्याच्या आदल्या वर्षी गुप्ता आणि कुमार यांनी गणिताने सिद्ध केलं होतं की नोड, म्हणजे नेटवर्कमधली मशीनं, वाढत गेले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी क्षमता घटतच जाते, गर्दी वाढली की सगळ्यांचंच नुकसान. आपल्याकडे हे सिद्ध करायची गरजच नाही, गणपतीत विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला उभं राहून एक फोटो पाठवून बघा.

म्हणून बहुतेक टीमनी जे केलं ते असं, चित्र रोबोवरच तपासायचं आणि फक्त संशयित सापडला तर त्याचा छोटा तुकडा, सोबत ठिकाण, एवढंच बाहेर पाठवायचं. इथे मला एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते, जी पुस्तकातल्या सूत्रात दिसत नाही. सूत्र सांगतं कामाचं गणित किती जड आहे ते बघा. पण हलवायचं की नाही हे खरं ठरतं गणिताबरोबर सामान किती न्यावं लागतं त्यावर. चित्र तपासायचं गणित मध्यम, सामान अवाढव्य, तर ते जिथे कॅमेरा तिथेच राहणार. याच्या उलट नकाशा जोडायचं काम, गणित भयंकर जड आणि रन पुढे सरकेल तसं वाढतच जाणारं, पण सामान थोडं, कारण रोबो आपल्या लायडरचे बिंदू आधीच दाबून छोटे तुकडे करून ठेवतो. मग हे काम हलवता येतं. आणि इथेच दोन टीमच्या वाटा फुटल्या.

पहिली टीम सर्बेरस. कोस्टास ॲलेक्सिस यांच्या नेतृत्वाखालची, नॉर्वेचं एनटीएनयू, झुरिकचं ईटीएच, अमेरिकेतलं नेवाडा विद्यापीठ वगैरे मंडळी. फायनलला त्यांचा भर होता ॲनिमल नावाच्या चार चारपायी रोबोंवर, त्यातले दोन पुढे जाऊन शोधणारे आणि दोन रेडिओचे डबे वाहणारे. त्यांच्यात प्रत्येक रोबो स्वतःपुरता नकाशा आणि स्वतःचा रस्ता स्वतःच काढतो, आणि तुकडे बेस स्टेशनच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर सगळ्यांचे तुकडे जुळवतो, एकाच कोपऱ्यावरून दोन रोबो गेले असतील तर ते ओळखतो, आणि सगळा नकाशा ताणून-ओढून सरळ करतो. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची कोस्टार टीमही नकाशाच्या बाबतीत याच घराण्यातली, पुढचं काम रोबोवर आणि मागचं जड काम बेसवर.

दुसरी टीम ऑस्ट्रेलियाची, सीएसआयआरओ डेटा६१, सोबत ब्रिस्बेनची एमेसेंट कंपनी आणि जॉर्जिया टेक. यांच्याकडे स्पॉट नावाचे दोन चारपायी रोबो, दोन पट्ट्यांवर चालणारे जड रोबो आणि दोन ड्रोन. शरीरं वेगळी, पण सगळ्यांवर जवळजवळ तीच सेन्सिंगची पद्धत आणि तोच मॅपिंगचा प्रोग्राम. हे मुद्दाम केलं होतं. कारण यांच्याकडे नकाशा जोडणारा सर्व्हर असा नाहीच. दोन रोबो एकमेकांच्या रेंजमधे आले की आपापले तुकडे एकमेकांना देतात, आणि मग प्रत्येक जण सगळ्यांच्या तुकड्यांचं संपूर्ण गणित स्वतःच्या डोक्यात स्वतः सोडवतो. म्हणजे तेच गणित सहा ठिकाणी, सहा वेळा.

कामाच्या वाटणीवरचे पेपर वाचून आलेल्या माणसाला हे बघून चक्करच येईल. सगळा विषयच मुळी कामाची डुप्लिकेशन टाळायचा, लोड समान वाटायचा, आणि इथे ही मंडळी तेच काम सहा जणांना देतायत आणि पहिल्या नंबरच्या टीमएवढेच पॉइंट घेतायत. आधी मलाही हे उधळपट्टी वाटलं होतं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो.

५ मीटरचा नियम आठवा. रोबो ५०० मीटर आत गेला आणि त्याच्या अंदाजात फक्त १ टक्का चूक साचली तर झाले ५ मीटर, म्हणजे पॉइंट अगदी काठावर. ही साचलेली चूक दुरुस्त होते ती दुसऱ्या रोबोच्या तुकड्याशी जुळवाजुळव झाल्यावर. सर्व्हर बेसवर असेल तर जुळवाजुळव होण्यासाठी दोन्ही रोबोंचा बेसपर्यंतचा पूर्ण रस्ता उघडा लागतो, सहा डबे असतील तर सहाच्या सहा लिंक जिवंत पाहिजेत, आणि तेही दोघांच्या बाजूने. एका लिंकची शाश्वती ९० टक्के धरली तर सहा लिंक एकाच वेळी चालू असण्याची शक्यता ५३ टक्के. रोबोवरच गणित असेल तर दोघं आत कुठेतरी बोळात समोरासमोर आले, एकच लिंक, झालं काम. बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला असताना आतल्या आत दुरुस्ती होऊन जाते. तेव्हा सहा वेळा गणित करण्याचा खर्च हा प्रोसेसरचा खर्च आहे, आणि प्रोसेसर तर पाठीवर होताच. वाचवायचं होतं ते नेटवर्क.

सर्बेरसवाल्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर ही एकतर्फी आरती होईल. त्यांचा रोबो बेसशी तुटला तरी थांबत नाही. तो स्वतःच्या नकाशावर पुढे शोधत राहतो, फक्त दुरुस्त नकाशा मिळत नाही. परत रेंजमधे आला की तुकडे वर जातात, सर्व्हर जोडतो, आणि आधी सापडलेल्या वस्तूंची ठिकाणंही त्या दुरुस्तीबरोबर सरकतात. रिपोर्ट करणारा माणूस तर बाहेरच बसलाय, बरोबर नकाशा शेवटी त्यालाच हवाय, रोबोला आत ५ मीटरच्या चुकीने काही फरक पडत नाही, तो डोळ्यासमोरची भिंत बघून चालतो. हा मुद्दा मला फार आवडला. गणिताचं उत्तर ज्याला हवंय त्याच्याजवळच ते गणित ठेवलं. आणि सर्व्हरवर जड, सावकाश, जास्त अचूक पद्धती चालवता येतात, बॅटरीची चिंता नाही.

बॅटरीवरून आठवलं. रोबोंवर जेटसनसारखे छोटे कॉम्प्युटर-बोर्ड होते, एनव्हिडियाचा एजीएक्स झेव्हियर १०, १५ किंवा ३० वॉटच्या मोडमधे चालतो. चालणाऱ्या जड रोबोला ३० वॉट म्हणजे चिल्लर. ड्रोनला तसं नाही, त्याचा जीव मिनिटांवर मोजायचा. म्हणून ऑस्ट्रेलियन टीमने ड्रोन पट्टेवाल्या रोबोच्या पाठीवर बसवून आत नेले आणि गरज पडेल तिथून उडवले. म्हणजे कामाची वाटणी नुसती प्रोसेसरची राहिली नाही, एकाची बॅटरी दुसऱ्याच्या प्रवासाला वापरणं हाही त्यातलाच भाग झाला. उडाल्यावर ड्रोन रेंजच्या बाहेर जाणार हे धरलेलंच होतं, तो जाऊन बघून परत येतो आणि जवळच्याला सांगतो.

आता कुणी कुठे जायचं. ऑस्ट्रेलियन टीमने यासाठी लिलावासारखी पद्धत वापरली, तिचं मूळ एमआयटीच्या चोई, ब्रुनेट आणि हाउ यांच्या २००९ च्या पेपरमधे. प्रत्येक रोबो समोर दिसणाऱ्या कामांवर बोली लावतो, हा फाटा मला इतक्याला परवडतो, तो तितक्याला, आणि आपल्या पसंतीची एक यादी बांधतो. भेटले की एकमेकांच्या बोलींचे तक्ते ताडून बघतात. एकाच फाट्यावर दोघांनी हक्क सांगितला असेल तर ज्याची बोली सरस त्याला तो मिळतो, आणि दुसऱ्याने ते काम सोडायचं, शिवाय त्यानंतर यादीत धरलेली पुढची कामंही सोडायची, कारण ती आधीच्या कामावर अवलंबून धरली होती. काही अटी पाळल्या तर हे सगळं मिळून सर्वोत्तम वाटणीच्या निदान निम्म्याएवढं तरी चांगलं निघतं याची गणिती खात्री आहे. निम्मं ऐकून नाक मुरडू नका. ती हमी कायम जोडलेल्या नेटवर्कची, आणि खाणीत नेटवर्क कायम जोडलेलं नसतंच. तुटलेल्या अवस्थेत दोन रोबो एकाच फाट्यात शिरू शकतात. शिरले तर काय झालं, काही मिनिटं वाया. त्याऐवजी मुख्यालयाची परवानगी येईपर्यंत रोबो नाक्यावर उभा राहिला असता तर तेवढीच मिनिटं वाया गेली असती आणि बघूनही काही झालं नसतं. बाहेरच्या माणसाला एवढंच करता येत होतं की अमुक भागाला जास्त महत्त्व द्या, मग तिकडच्या बोली वाढतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी आपल्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टमधे हमखास चुकते. सिम्युलेशनमधे ५० नोड एका मोकळ्या चौकोनात सोडतात, प्रत्येक जण वाट्टेल त्या दिशेला वाट्टेल त्या वेगाने जातो, २५० मीटरच्या वर्तुळात असला की लिंक आहे आणि बाहेर गेला की नाही. ते २५० मीटर बऱ्याच वर्षांपासून एनएस-२ या सिम्युलेशनच्या जुन्या प्रोग्रामच्या डिफॉल्टमधून चालत आलेलं आहे, कुणी विचारतही नाही का म्हणून. खाणीत रेंज वर्तुळ नसते. सरळ बोगद्यात सिग्नल लांबवर जातो आणि वळण घेतलं की दहा पावलांत मरतो. आणि मुख्य म्हणजे नोड वाट्टेल तसे फिरत नाहीत, ते कामासाठी फिरतात. काम कुणाला दिलं यावर तो कुठे जाणार ते ठरतं, तो कुठे गेला यावर नेटवर्क कसं दिसणार ते ठरतं, आणि नेटवर्क कसं आहे यावर पुढचं काम कुणाला द्यायचं ते. आधी नेटवर्क ठरलं मग त्यावर कामं वाटली असा क्रमच नाही.

रेडिओचा डबा टाकणं हेच बघा. हेही एक काम, तेही त्याच यादीत. टाकलेला डबा परत उचलता येत नाही. लवकर टाकला तर फुकट गेला, पुढच्या वळणाला कमी पडणार. उशिरा टाकला तर रोबो वळणापलीकडे गेलेला आणि मागचा डबा दिसेनासा झालेला, म्हणजे टाकून उपयोग नाही, मागे या. सिग्नल अमुक पातळीखाली गेला की टाका हा नियम सरळ बोगद्यात चालतो आणि वळणावर फसतो, कारण तिथे सिग्नल हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडल्यासारखा पडतो. तिथे नकाशा बघून, वळण येतंय हे ओळखून आधीच टाकावा लागतो. म्हणजे नेटवर्क टिकवायला नकाशा हवा आणि नकाशा जोडायला नेटवर्क.

डबे संपले की उरतो जुना उपाय, स्वतः चालत जाऊन निरोप देणं. समजा शेवटच्या डब्याच्या पुढे २०० मीटरवर रोबोला काहीतरी सापडलं. सेकंदाला एक मीटर अशा चालीने परत यायला २०० सेकंद, पुन्हा आत जायला २००. तासातले ४०० सेकंद, अकरा टक्के, एका निरोपासाठी. एकाच वस्तूसाठी यायचं की अजून दोन-तीन सापडेपर्यंत थांबायचं? थांबला आणि पुढे रोबो घसरून पडला तर सगळंच गेलं. कोलोराडोची मार्बल टीम, जी तिसरी आली, तिचे रोबो शोधता शोधता निरोप द्यायला रेंजमधे परत येत, आणि एकमेकांना नकाशा देताना पूर्ण नकाशा न देता गेल्या भेटीनंतर बदललं तेवढंच देत. ही साधी गोष्ट आहे पण तुटक्या लिंकवर हिने जीव वाचतो, कारण भेट अर्ध्या मिनिटाची असेल तर त्यात बसेल एवढंच बोलायला हवं.

आणि सगळ्यात हळू प्रोसेसर कुठला माहितीये? बाहेर बसलेला तो एकटा माणूस. चार-सहा रोबो संशयितांचे फोटो पाठवतायत, दगडाची सावली हेल्मेटसारखी दिसते, लाल पाइप एक्स्टिंग्विशरसारखा, आणि त्याने एकेक बघून हो-नाही करायचं, शिवाय अडकलेल्या रोबोला सोडवायचं, शिवाय घड्याळ. रोबोवरची चाळणी सैल ठेवली तर याच्यासमोर फोटोंचा ढीग, घट्ट ठेवली तर खरी वस्तू आतच राहून गेली. कामाच्या वाटणीचे इतके पेपर आहेत पण माणसाचं लक्ष हा एक नोड धरून, त्याची रांग किती लांब होऊ द्यायची हे मोजणारे कमीच दिसतात. माझ्या मते इथे रोबोवर थोडं जास्त गणित करून, एकाच वस्तूचे पाच फोटो एकत्र करून एकच प्रश्न माणसापुढे ठेवणं हे सगळ्यात फायद्याचं काम आहे, बेसच्या जीपीयूपेक्षाही.

तर निकाल. दोघांचे तेवीस, मार्बलचे अठरा. बरोबरी झाली तर ज्याने आपला शेवटचा पॉइंट आधी मिळवला तो जिंकणार असा नियम होता, आणि तो सर्बेरसने आधी मिळवला होता. पहिलं बक्षीस २० लाख डॉलर, दुसरं १० लाख. नेटवर्कमुळेच हे झालं असं मी म्हणत नाही, तासाभरात हजार गोष्टी घडतात. पण नियमाकडे बघा, पॉइंट सारखे झाल्यावर निरोप बाहेर कधी पोहोचला यावर १० लाख डॉलरचा फरक पडला. आत कुणी काय आधी बघितलं याला किंमत नव्हती.

कुणी म्हणेल ही खाणीपुरती गोष्ट झाली. मंगळावरचं घ्या मग. पर्सिव्हिअरन्स रोव्हरचा मुख्य कॉम्प्युटर रेडिएशन सहन करणारा आरएडी७५०, जेमतेम २०० मेगाहर्ट्झ. त्याच्यासोबत गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरवर मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन ८०१, २.२६ गिगाहर्ट्झ. पोटात घेऊन आलेलं पोर आईपेक्षा हिशोबाला चलाख. जेपीएलच्या काही संशोधकांनी २०१९ मधे नेमका हाच प्रश्न मांडला होता, मंगळावर कमकुवत कॉम्प्युटरवाल्या रोव्हरने आपलं गणित शेजारच्या ताकदवान मशीनकडे कसं पाठवायचं आणि संपर्काच्या वेळा बघून त्याचं वेळापत्रक कसं लावायचं. तिथे एक सोय आहे, डोक्यावरून ऑर्बिटर, म्हणजे ग्रहाभोवती फिरणारं यान, कधी जाणार हे आधीच माहीत असतं, रेल्वेच्या टाइमटेबलसारखं, त्यामुळे आधी बसून सगळं आखता येतं. खाणीत कोण कुणाला कधी भेटेल ते माहीत नसतं. त्यामुळे तिथलं सुंदर वेळापत्रक उचलून इथे लावलं तर पहिल्याच वळणाला फाटतं, आणि इथली प्रत्येकाने सगळं स्वतः करायची पद्धत तिथे लावली तर बॅटरी उगाच जळते. भेटी आधी माहीत आहेत का, हा प्रश्न मी तर अल्गोरिदमचं नाव विचारायच्या आधी विचारतो.

ही कामाची वाटणी घरी करून बघायची असेल तर महागाचे रोबो लागत नाहीत, तीन-चार जुने फोन आणि सोसायटीचं बेसमेंट पार्किंग पुरतं. फक्त वायफाय डायरेक्टवर, म्हणजे राउटरशिवाय फोन थेट जोडायच्या सोयीवर, बांधायला जाल तर आधीच सांगतो, त्यात एक फोन ग्रुपचा मालक असतो आणि तो निघून गेला की सगळा ग्रुपच मोडतो, म्हणजे नाव पिअर टू पिअर, सगळे बरोबरीचे, आणि वागणं जुन्या हेडक्लार्कचं, तो रजेवर गेला की ऑफिस बंद. नेमका तोच फोन घेऊन लिफ्टमधे शिरा आणि बाकीच्यांचं काय होतं ते बघा.

एक शंका मात्र माझी अजून मिटलेली नाही. प्रत्येकाने सगळं करायचं हे सहा रोबोंना जमलं. सहांमधे जोड्या होतात १५. साठ रोबो सोडले तर जोड्या १७७०, आणि प्रत्येकाच्या डोक्यात साठ जणांचे तुकडे. तिथे ही पद्धत टिकेल असं मला वाटत नाही, कुठेतरी टोळ्या कराव्या लागतील आणि टोळीला एक म्होरक्या लागेल, आणि म्होरक्याच रेंजबाहेर गेला तर काय, म्हणजे परत तोच हेडक्लार्क. जेपीएलने चंद्रासाठी बनवलेल्या काड्रे नावाच्या तीन छोट्या रोव्हरमधे यावर एक तोडगा आहे. ते तापू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने झोपतात, रेडिएटरमधून थंड होतात, बॅटरी भरून घेतात. तिघं एकाच वेळी जागे होतात, सगळ्यांना थेट एकमेकांशी जोडणाऱ्या मेश रेडिओवरून एकमेकांना आपापली तब्येत सांगतात, आणि त्या क्षणी समोरच्या कामाला जो सगळ्यात ठीक असेल त्याला पुन्हा नव्याने म्होरक्या निवडतात, आधीचा धडधाकट असला तरी.